फ्रीबीएसडीवर आणलेली पॅपी लायब्ररी तपासायची कशी

प्रोसेसरच्या आतले परफॉर्मन्स काउंटर (सूचना, सायकल अशा घटना मोजणारे हार्डवेअर मोजक) वाचणारी लायब्ररी लिनक्सवरून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेली, ती कंपाइल झाली, सोबतच्या चाचण्यांपुढे 'पास्ड' उमटलं, तरी काम संपत नाही. या लायब्ररीतली वाईट चूक प्रोग्राम पाडत नाही. ती शांतपणे एक आकडा देते, आकडा दिसायला मोठा आणि खरा वाटणारा असतो, आणि त्यावर कुणीतरी प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून मोकळं होतं. म्हणून तपासणी खालून वर करायची: आधी हार्डवेअर, मग कर्नलचा ड्रायव्हर, मग सिस्टिमची स्वतःची लायब्ररी आणि सगळ्यात शेवटी पोर्ट, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमवर आणलेली ती लायब्ररी. प्रत्येक पायरीवर ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असंच काम द्यायचं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं ठेवण्याआधी काटा ठरलेल्या वजनानं तपासतात, तशातला हा प्रकार.

इथे उदाहरण घेतलंय ते टेनेसी विद्यापीठात तयार झालेल्या पॅपीचं आणि फ्रीबीएसडीचं. लिनक्सवर पॅपी कर्नलच्या 'पर्फ इव्हेंट' या सोयीवर चालते. ती सोय २००९ साली २.६.३१ कर्नलमध्ये आली. फ्रीबीएसडीची व्यवस्था त्याहून जुनी. जोसेफ कोशी यांनी लिहिलेला 'एचडब्ल्यूपीएमसी' हा ड्रायव्हर ६.० पासून आहे आणि त्याच्यावर 'लिबपीएमसी' ही लायब्ररी बसते. पोर्टचं खरं काम या दोघांच्या वर एक थर चढवायचं. कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत, मूळ स्पेलिंग मॅन्युअल पानांत सापडेल.

यंत्र कोणतं घ्यायचं

पहिली गोष्ट, खरं यंत्र घ्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये गेस्टला हे काउंटर मिळत नाहीत. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये काउंटर व्हर्च्युअलाइज करायचा पर्याय आहे, केव्हीएममध्ये होस्टचा सीपीयू जसाच्या तसा दिला की काही काउंटर दिसतात, पण तिथे चूक सापडली तर ती पोर्टची की हायपरव्हायझरची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची), हे ठरवताना दिवस जातो.

सांगली, मिरज, कराड, सातारा इथे जुने ऑफिस डेस्कटॉप सहज मिळतात, बहुतेक चौथ्या ते सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह. या कामाला ते चांगले आहेत. दोन बाबी मात्र विकत घेतानाच लक्षात असू द्या. चौथ्या पिढीत, म्हणजे हॅसवेलमध्ये, फ्लोटिंग पॉइंट (दशांश संख्यांच्या) क्रिया मोजणारे इव्हेंट, म्हणजे काउंटरला मोजता येणाऱ्या घटना, नाहीतच. तिथे 'पॅपी एफपी ऑप्स' हा या क्रियांचा आकडा उपलब्ध नाही असं दिसलं तर पोर्ट बरोबर वागतोय, आणि आकडा दिसला तर शंका घ्या. सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिजवर हे इव्हेंट आहेत, पण ते फुगवून मोजतात: डेटा कॅशमध्ये नसला की तीच क्रिया पुन्हा रवाना होते आणि पुन्हा मोजली जाते. फ्लॉप्स (याच क्रिया) नीट तपासायचे असतील तर ब्रॉडवेल किंवा स्कायलेक हवा. बाराव्या पिढीपासूनचे, मोठे आणि छोटे कोर एकत्र असलेले प्रोसेसर या कामातून सरळ वगळा, कारण दोन प्रकारच्या कोरमध्ये काउंटरच वेगवेगळे आहेत.

दोन एसएसडी लावा, एकीवर लिनक्स आणि दुसरीवर फ्रीबीएसडी. तुलना करायची तर ती त्याच सिलिकॉनवर व्हायला हवी. दुसऱ्या टेबलावरच्या 'अगदी तशाच' मशीनवर केलेली तुलना धरू नका. बायोसमध्ये हायपर-थ्रेडिंग असेल तर बंद करा, टर्बोही बंद करा. डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा. रात्रभराची फेरी चालू असताना दोन मिनिटं लाइट गेली की सकाळी अर्धवट लॉग उरतो.

कर्नल काय म्हणतो ते आधी वाचा

बेस इन्स्टॉलनंतर पॅकेजमधून जीमेक, जीसीसी, गिट आणि बॅश घ्या. शेवटचं मुद्दाम सांगतोय. फ्रीबीएसडीत बॅश बेसमध्ये नसते आणि पॅकेजमधून आली तरी ती 'यूएसआर-लोकल-बिन' मध्ये जाते. ज्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिनक्सचा थेट पत्ता आहे ती 'नॉट फाउंड' म्हणून थांबते, आणि माणूस तासभर भलतीच फाइल शोधत बसतो.

ड्रायव्हर 'केएलडीलोड एचडब्ल्यूपीएमसी' या कमांडनं चढतो. बूटलाच हवा असेल तर लोडर कॉन्फमध्ये 'एचडब्ल्यूपीएमसी लोड' ला 'येस' द्या. स्वतः बांधलेला कर्नल असेल तर त्यात 'एचडब्ल्यूपीएमसी हुक्स' हा पर्याय आहे ना, हे पाहून घ्या. जेनेरिक कर्नलमध्ये तो असतोच.

चढल्यावर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, एक ओळ येते. ती नीट वाचा, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. त्या ओळीत गटागटानं नोंदी असतात: सॉफ्ट, टीएससी, आयएपी, आयएएफ. प्रत्येकापुढे तिरक्या रेघांनी वेगळे केलेले आकडे असतात, आधी काउंटर किती आणि मग प्रत्येकाची रुंदी किती बिट. सॉफ्ट म्हणजे कर्नलनं सॉफ्टवेअरमध्ये मोजलेले, टीएससी म्हणजे प्रोसेसरचा ठरावीक वेगानं चालणारा वेळमोजक, आयएपी म्हणजे हवा तो इव्हेंट लावता येणारे काउंटर, आयएएफ म्हणजे ठरावीक कामाचे. 'आयएपी/४/४८' याचा अर्थ ४८ बिटांचे ४ काउंटर. हायपर-थ्रेडिंग चालू असलेल्या आय-सेव्हनवर ४ दिसतात, हायपर-थ्रेडिंग नसलेल्या त्याच पिढीच्या आय-फाइव्हवर ८. कोअर-टू काळातल्या मशीनवर २ च, आणि रुंदी ४० बिट. आयएएफ त्या काळापासून स्कायलेकपर्यंत ३ आहेत: पूर्ण झालेल्या सूचना, कोरची सायकल आणि संदर्भ सायकल.

आयएपी ही नोंदच नसेल, नुसतं सॉफ्ट आणि टीएससी दिसत असेल, तर इथेच थांबा. ड्रायव्हरला तुमचा प्रोसेसर ओळखता आलेला नाही किंवा तुम्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये आहात. पॅपी कितीही वेळा बांधली तरी यातून काही निघणार नाही.

ठरलेलं वजन: पाचशे कोटी फेऱ्या

आता चाचणीचा भार. असेंब्लीत सर्वात लहान लूप लिहा: ६४ बिटांच्या रजिस्टरमध्ये ५,००,००,००,००० भरायचे, 'डेक'नं एक कमी करायचा, शून्य नसेल तर 'जेएनझेड'नं मागे जायचं. एका फेरीत दोन सूचना आणि एक उडी. म्हणजे सूचना १,००० कोटी, उड्या ५०० कोटी, चुकलेले अंदाज (उडी होणार की नाही याचे प्रोसेसरनं आधीच बांधलेले) जवळजवळ शून्य. नव्या इंटेल प्रोसेसरवर ही जोडी आतमध्ये एकत्र जुळते, पण सूचना मोजणारा काउंटर तिला दोनच धरतो. एका फेरीला एक सायकल लागते, म्हणून कोर सायकलही ५०० कोटींच्या आसपास. ३ गिगाहर्ट्झवर हे सगळं पावणेदोन सेकंदांत उरकतं.

आकडा ५०० कोटीच का? ३२ बिटांत मावणारी मोठ्यात मोठी संख्या साधारण ४२९ कोटी आहे. पोर्टमध्ये कुठेतरी ६४ बिटांची किंमत ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली असेल तर १० कोटींच्या लूपवर ती कधीच उघडी पडणार नाही. ३ गिगाहर्ट्झवर ३२ बिट १.४३ सेकंदांत भरतात, त्यामुळे त्याहून कमी वेळ चालणारी चाचणी या बाबतीत आंधळी. लूपच्या मोजणीतही हाच सापळा आहे. रजिस्टर चुकून ३२ बिटांचं घेतलं तर फेऱ्या ७०,५०,३२,७०४ च होतात, आणि दोष लायब्ररीला दिला जातो.

४० बिटांच्या काउंटरवर आणखी एक फेरी हवी. तिथे ३ गिगाहर्ट्झवर सुमारे ६ मिनिटांत काउंटर उलटतो, म्हणून दहा मिनिटांचा लूप चालवून पाहा. ४८ बिट उलटायला २६ तास लागतात. ती फेरी शनिवार-रविवारी लावून द्या, पण पोर्ट प्रसिद्ध करण्याआधी एकदा तरी लावा.

सीमध्ये लूप लिहायचा मोह होईल. फ्रीबीएसडीचा कंपायलर क्लँग आहे, आणि ज्या लूपचा निकाल कुणी वापरत नाही तो लूप क्लँग सरळ पुसून टाकतो. सीमध्ये लिहिलाच तर 'ऑब्जडंप' लावून मशीन कोडमध्ये लूप खरोखर उरलाय का ते डोळ्यांनी पाहा.

पॅपीला हात लावण्याआधी

हा लूप आधी पॅपीशिवाय मोजा. त्यासाठी सिस्टिमबरोबर येणारा 'पीएमसीस्टॅट' आहे. इव्हेंटची नावं 'पीएमसीकंट्रोल' ला मोठा 'एल' देऊन मिळतात, काउंटर कुणाच्या ताब्यात आहेत ते लहान 'एल' देऊन. पीएमसीस्टॅटला लहान 'पी' दिला की तो प्रोसेसपुरतं मोजतो, लहान 'एस' दिला की पूर्ण सिस्टिमचं. मोठे 'पी' आणि 'एस' सॅम्पलिंगसाठी. मोजणी एकाच कोरवर राहावी म्हणून पुढे 'सीपीयूसेट' लावून कोर २ किंवा ३ ला बांधा.

पहिला घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. इव्हेंटच्या नावापुढे 'यूएसआर' किंवा 'ओएस' काहीच लावलं नाही तर एचडब्ल्यूपीएमसी दोन्ही मोजतो, प्रोग्रामचंही आणि त्याच्या वतीनं कर्नलनं केलेलंही. पॅपी मात्र मूळ सेटिंगमध्ये फक्त यूजर बाजू मोजते. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून पोर्टमध्ये चूक शोधण्याआधी पीएमसीस्टॅटला 'यूएसआर' लावलंय का ते पाहा.

सूचनांचा आकडा किती जुळायला हवा? कमी कधीच भरू नये. १,००० कोटींपेक्षा एकनेही कमी आला तर काहीतरी हरवतंय, बहुधा प्रोसेस कोरवरून उतरते-चढते तेव्हाची बेरीज. जास्त मात्र येणारच. एक्स-८६ वर दर इंटरप्टमागे आणि दर पेज-फॉल्टमागे एक सूचना जादा मोजली जाते, आणि फ्रीबीएसडीचं घड्याळ मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला १,००० ठोके देतं. त्यामुळे पावणेदोन सेकंदांत दीड-दोन हजार जादा ही तक्रार नव्हे. पीएमसीस्टॅटमध्ये प्रोग्राम सुरू होतानाचं लिंकरचं कामही मोजलं जातं, तिथे लाखाच्या घरात जादा दिसलं तरी घाबरू नका. हे ठरीव ओझं काढून टाकायचं असेल तर लूप एकदा ५०० कोटींचा आणि एकदा १,००० कोटींचा चालवा आणि वजाबाकी करा. फरक १,००० कोटी सूचनांवर काही हजारांच्या आत बसला पाहिजे.

सायकलसाठी एक फार उपयोगी चाचणी आहे आणि ती सहसा कुणी करत नाही. 'पॉवरडी' ही वेग आपोआप बदलणारी सेवा थांबवा, सीपीयूची फ्रिक्वेन्सी सिसकंट्रोलनं (कर्नलची सेटिंग वाचण्या-बदलण्याच्या कमांडनं) ३,२०० वरून १,६०० मेगाहर्ट्झ करा आणि तोच लूप पुन्हा मोजा. कोर सायकल बदलायला नकोत, ५०० कोटींच्या आसपासच राहतील. संदर्भ सायकल टीएससीच्या वेगानं चालतात, त्या दुप्पट व्हायला हव्यात. दोन्ही बदलल्या किंवा दोन्ही तशाच राहिल्या तर दोन्ही नावांमागे बहुधा एकच इव्हेंट आहे, आणि नेमकं उलटं दिसलं तर या दोन इव्हेंटची अदलाबदल झालेली आहे. मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा धूळ बसलेला हीटसिंक ही चाचणी न सांगता करून देतो: प्रोसेसर तापून मंदावतो, वेळ आणि संदर्भ सायकल वाढतात, कोर सायकल जागच्या जागी. दुपारच्या आणि रात्रीच्या आकड्यांत फरक दिसला तर आधी कोणता आकडा बदललाय ते बघा, मग कोडकडे वळा. स्कायलेकवर फ्रीबीएसडीच्या नव्या आवृत्त्या फ्रिक्वेन्सी प्रोसेसरवरच सोपवतात, त्यामुळे हा प्रयोग हॅसवेलवर जास्त सोपा जातो.

इथवरचे आकडे लिनक्सवर बूट करून 'पर्फ स्टॅट'च्या आकड्यांशी ताडून घ्या. लिनक्सवर एनएमआय वॉचडॉग (कर्नल अडकलाय का ते पाहणारी सोय) एक काउंटर स्वतःकडे ठेवतो, तो आधी बंद करा.

पोर्ट बांधणे आणि पहिली जुजबी चाचणी

पॅपीचा सोर्स घ्या, 'एसआरसी' फोल्डरमध्ये कॉन्फिगर चालवा, डीबग चालू ठेवा, आणि मेकऐवजी जीमेक वापरा. बीएसडीच्या मेकला जीएनयूची मेकफाइल पचत नाही. लिंक करताना 'एलडीएल' नावाच्या लायब्ररीवरून अडलं तर तो लिनक्सचा वारसा आहे. फ्रीबीएसडीत ती कामं सी लायब्ररीतच आहेत.

बांधून झाल्यावर चाचणीच्या बायनरीवर 'एलडीडी' चालवा, ती कोणती लायब्ररी उचलते ते त्यात दिसतं. पॅकेजमधून आधी कधी पॅपी बसवलेली असेल तर चाचणी तीच जुनी लायब्ररी उचलते आणि तुम्ही दिवसभर न बदललेल्या कोडची परीक्षा घेत बसता. हेडर एका आवृत्तीचं आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असली तर सुरुवातीचं इनिशिअलायझेशनच नापास होतं. ते एका अर्थी बरं, निदान कळतं तरी.

मग 'पॅपी अव्हेल' आणि 'पॅपी नेटिव्ह अव्हेल' हे उपलब्ध इव्हेंट दाखवणारे प्रोग्राम चालवा. डोक्यावरची माहिती आधी वाचा: प्रोसेसरचं नाव, कोर, मेगाहर्ट्झ, काउंटरची संख्या. लिनक्सवर यातलं बरंच 'प्रॉक-सीपीयूइन्फो' मधून येतं. फ्रीबीएसडीत प्रॉक फाइल सिस्टिम मूळ अवस्थेत माउंटच नसते. ही माहिती सिसकंट्रोलमधून आणि सीपीयूआयडीतून यायला हवी. मेगाहर्ट्झपुढे ० किंवा कोरपुढे १ असं दिसलं तर पोर्ट करणाऱ्यानं जुना रस्ता बदललेला नाही. मेमरीची माहिती देणाऱ्या 'डीमेम इन्फो' या चाचणीलाही हेच लागू.

इव्हेंटचा नकाशा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'एकूण सूचना', 'एल-वन डेटा मिस' (प्रोसेसरच्या सर्वात जवळच्या कॅशमध्ये डेटा न सापडणं) अशी पॅपीची प्रीसेट नावं असतात, आणि प्रत्येक प्रोसेसरसाठी त्या नावामागे एक किंवा अधिक खरे इव्हेंट बांधलेले असतात. फ्रीबीएसडीच्या बाजूला ही बांधणी सोर्समधल्या फ्रीबीएसडी फोल्डरमध्ये, प्रोसेसरनिहाय नकाशा-फाइलींत आहे. तुमच्या प्रोसेसरची फाइल तिथे आहे का ते उघडून पाहा. नसेल तर 'अननोन' वाला नकाशा लागतो, यादी जवळजवळ रिकामी येते, आणि तुमचं पुढचं काम चाचणीचं नसून नकाशा लिहायचं आहे.

फाइल असली तरी आणखी एक भानगड आहे. फ्रीबीएसडी १२ पासून इंटेलच्या इव्हेंटची नावं नव्या तक्त्यांतून येतात. हे तक्ते लिनक्सच्या पर्फबरोबर येणाऱ्या पीएमयू-इव्हेंट फाइलींवरून घेतलेले आहेत. आधीच्या नावांवर लिहिलेला नकाशा नव्या आवृत्तीवर लावला की पॅपी उणे ७, म्हणजे 'असा इव्हेंट नाही', असं म्हणते. हे एकेक करून शोधू नका. नकाशा-फाइलीतली सगळी नावं एका फाइलीत काढा, पीएमसीकंट्रोलच्या मोठ्या 'एल'ची यादी दुसरीत, दोन्ही 'सॉर्ट' करा आणि 'कॉम' कमांडनं फक्त पहिल्या फाइलीतलीच नावं छापा. जी उरतील ती सगळी मेलेली.

नाव जुळलं म्हणजे अर्थ जुळला असं नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या प्रीसेटला ठरलेलं काम द्या. सूचना, सायकल, उड्या वरच्या लूपनं होतात. चुकलेल्या अंदाजांसाठी १ कोटी यादृच्छिक बिटांची माळ आधी तयार करून ठेवा आणि त्यावर 'जर-तर' चालवा. जवळपास ५० लाख अंदाज चुकायला हवेत. शून्याच्या आसपास आले तर मशीन कोड बघा, कंपायलरनं उडीऐवजी 'सीमूव्ह' ही बिनउडीची सूचना घातलेली असणार.

कॅशसाठी ६४ एमबीचा अ‍ॅरे, ६४ बाइटांची एक ओळ, म्हणजे १०,४८,५७६ ओळी. सरळ क्रमानं चाललात तर प्रोसेसरचा प्रीफेचर पुढची ओळ आधीच आणून ठेवतो आणि मिस फसवे दिसतात. ओळींचा क्रम पिसून घ्या, प्रत्येक ओळीत पुढच्या ओळीचा पत्ता ठेवा आणि त्या साखळीवरून चाला. एका फेरीला १०.४८ लाखांच्या जवळ एल-वन मिस मिळायला हवेत. आकडा दुप्पट आला तर नकाशात लोड आणि स्टोअर, किंवा मागणी आणि प्रीफेच, यांची बेरीज झालेली असू शकते. प्रीसेट कशापासून बनलंय ते 'पॅपी अव्हेल' ला ई पर्यायानं नाव देऊन पाहता येतं.

फ्लॉप्ससाठी २०० बाय २०० चा मॅट्रिक्स गुणाकार: २ गुणिले २०० चा घन, १ कोटी ६० लाख क्रिया. स्कायलेकवर गुणाकार आणि बेरीज एकत्र करणारी एफएमए सूचना दोन मोजली जाते, हे बरोबरच आहे. पण व्हेक्टर सूचनांचे इव्हेंट सूचना मोजतात, त्यातल्या संख्या नव्हेत. ४ डबल एकत्र असतील तर नकाशात ४ नं गुणलेलं असायला हवं. आकडा नेमका चौथाई आला तर हा गुणक विसरलेला आहे. आधी व्हेक्टरायझेशन बंद करून चालवा, मग चालू करून. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं पाहिजे.

संघर्ष आणि गळती

डीमेसेजमध्ये आयएपी जितके दिसले तितके इव्हेंट एका संचात भरा, मग एक जास्त घाला. तिथे उणे ८, म्हणजे 'संघर्ष', यायला हवा, आणि तो इव्हेंट जोडताना यायला हवा. जोडताना सगळं गोड आणि सुरू करताना नकार, असं होत असेल तर पोर्ट काउंटरचं वाटप उशिरा करतोय. कोणते इव्हेंट एकत्र चालतील ते सांगणारं 'पॅपी इव्हेंट चूजर' अशा पोर्टवर खोटं सांगतं. काही इव्हेंट ठरावीक काउंटरवरच चालतात. हॅसवेलवर एल-वनच्या प्रलंबित मिसचा इव्हेंट फक्त काउंटर २ वर बसतो. तो शेवटी जोडून पाहा आणि पहिल्यांदा जोडून पाहा. क्रम बदलला म्हणून निकाल बदलत असेल तर नोंद करा.

गळतीसाठी सुरू-थांब-सोड असा क्रम १०,००० वेळा एका लूपमध्ये चालवा आणि शेवटी पीएमसीकंट्रोलनं सगळे काउंटर मोकळे आहेत का बघा. मग मोजणी चालू असतानाच प्रोग्रामला किल उणे ९ द्या आणि पुन्हा बघा. काउंटर अडकून राहिला तर तो दोष ड्रायव्हरच्या खात्यात. वाचनाचा खर्च 'पॅपी कॉस्ट' नं मोजून ठेवा. लिबपीएमसीत प्रत्येक काउंटरचं वाचन हा स्वतंत्र सिस्टिम कॉल असतो, त्यामुळे चार इव्हेंटचा संच वाचायला लिनक्सपेक्षा बराच जास्त वेळ लागला तर त्यात नवल नाही. ज्यांना दर काही मायक्रोसेकंदांनी वाचायचंय त्यांना हे आधीच सांगा.

थ्रेड, ओव्हरफ्लो, मल्टिप्लेक्स

आता 'रन टेस्ट्स' ही स्क्रिप्ट चालवा. आधी नुसती 'झीरो', मग सगळ्या. निकालात पास्ड, फेल्ड, स्किप्ड येतात. स्किप्डची यादी फेल्डइतकीच लक्ष देऊन वाचा. पोर्टमध्ये एखादी सोय नसली की तिची चाचणी गुपचूप स्किप होते, आणि वगळायच्या चाचण्यांची एक फाइलही सोबत असते. कुणी तिच्यात नको त्या ओळी घालून ठेवल्या असतील तर आकडेवारी छान दिसते.

'झीरो पीथ्रेड्स' नापास झाली तर कारण बहुधा रचनेतच आहे. पॅपीला प्रत्येक थ्रेडचा वेगळा हिशेब हवा असतो, एचडब्ल्यूपीएमसीची जोडणी मात्र प्रोसेसला होते. खात्री करायला दोन थ्रेड घ्या, एकाला १०० कोटींचा लूप आणि दुसऱ्याला ३०० कोटींचा. सूचना २०० कोटी आणि ६०० कोटी यायला हव्यात. दोन्हीकडे ८०० कोटींच्या दिशेनं जाणारे आकडे दिसले तर बेरीज पूर्ण प्रोसेसची होते आहे. मूळ चाचणीत दोन्ही थ्रेडचं काम सारखं असलं की ही गोष्ट इतकी स्वच्छ दिसत नाही, म्हणून कामं मुद्दाम असमान ठेवायची. हा दोष वरच्या थरात ठिगळ लावून जात नाही. तो दस्तऐवजात ठळक लिहा.

ओव्हरफ्लोत असाच खड्डा आहे. लिनक्सवर काउंटर भरला की प्रोसेसला सिग्नल येतो. फ्रीबीएसडीत सॅम्पल लॉगमध्ये जातात, दर सॅम्पलमागे सिग्नल येत नाही. पोर्टकडे हार्डवेअर इंटरप्टची सोय नाही असं कळलं की पॅपी टायमरवर काम भागवते: दर ठोक्याला काउंटर वाचायचा आणि मर्यादा ओलांडली का ते बघायचं. १० लाख सायकलची मर्यादा आणि ५०० कोटींचा लूप, म्हणजे ५,००० ओव्हरफ्लो अपेक्षित. टायमर सेकंदाला १०० वेळा वाजत असेल तर दीडशे-पावणेदोनशेच मिळतील. मर्यादा १० कोटी करून पाहा. आता अपेक्षा ५० ची आहे आणि ती जवळपास पूर्ण झाली तर पोर्ट ठीक, फक्त बारीक सॅम्पलिंग त्याला जमत नाही. तसं काम असणाऱ्यांनी थेट पीएमसीस्टॅटचं सॅम्पलिंग वापरावं. तिथे नमुने गळत असतील तर 'एचडब्ल्यूपीएमसी एनसॅम्पल्स' ही मर्यादा वाढवा.

मल्टिप्लेक्सिंगबद्दल, म्हणजे काउंटरपेक्षा जास्त इव्हेंट आलटून पालटून मोजण्याबद्दल, थोडक्यात: एकाच लूपवर असा मोजलेला अंदाज निदान पाच सेकंदांच्या रनवर तपासा. त्याहून छोट्या रनवर आकडा हलणारच, ती पोर्टची चूक नव्हे.

परवानग्या विसरू नका. सगळं रूटवर चालवून पास करणं सोपं आहे. साध्या यूजरनं स्वतःच्या प्रोसेसचे काउंटर वाचता आले पाहिजेत, पूर्ण सिस्टिमचे मात्र नकोत. ती मुभा 'अनप्रिव्हिलेज्ड सिसपीएमसीज' हे सिसकंट्रोल १ केल्यावरच मिळावी. दुसऱ्या यूजरच्या प्रोसेसला 'अटॅच' करायचा प्रयत्न करा. तो यशस्वी झाला तर बाकी सगळं सोडून आधी ते कळवा. 'फोर्क' आणि 'इनहेरिट' या चाचण्यांत मुलाच्या सूचना धरल्या की नाहीत हे आकड्यांवरून पाहा, कारण वंशजांची मोजणी एचडब्ल्यूपीएमसीत वेगळ्या फ्लॅगनं सुरू करावी लागते.

कळवताना

कर्नल कोसळण्याची शक्यता धरून चाला. आरसी कॉन्फमध्ये 'डंपडेव्ह' ला 'ऑटो' द्या, म्हणजे पडल्यावर 'व्हार-क्रॅश' मध्ये डंप मिळेल. दर चाचणीनंतर लॉग डिस्कवर उतरवायला 'सिंक' घाला, नाहीतर ज्या चाचणीनं मशीन पाडलं नेमकं तिचंच नाव हरवतं. तक्रार लिहिताना 'यूनेम' ची पूर्ण ओळ, डीमेसेजमधली एचडब्ल्यूपीएमसीची ओळ, पॅपीचा कमिट, कंपायलरची आवृत्ती, अपेक्षित आकडा, मिळालेला आकडा आणि त्याच मशीनवर पीएमसीस्टॅटनं दिलेला आकडा, एवढं द्या. या शेवटच्यामुळेच तक्रार पॅपीवाल्यांकडे पाठवायची की फ्रीबीएसडीवाल्यांकडे ते ठरतं: पीएमसीस्टॅटही चुकत असेल तर फ्रीबीएसडीकडे, पीएमसीस्टॅट बरोबर आणि पॅपी चूक असेल तर पॅपीकडे, आणि दोन्ही सारखेच चुकत असून लिनक्सवरचं पर्फही तोच आकडा देत असेल तर आधी इंटेलची त्या प्रोसेसरची एराटा (ज्ञात दोषांची) यादी उघडा.